हवामानशास्त्र शिकून पुढे काय?

गेल्या जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हा, एका माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षिकेचा मला फोन आला. ओळख तिनेच करून दिली. २०१३ साली मी तिच्या गावच्या शाळेत मान्सूनविषयी बोलायला गेले होते. ती तेव्हा नववीत होती. व्याख्यान संपल्यावर दोन-तीन मुली पुढे आल्या आणि त्यांतल्या एकीने विचारले, "मॅडम, वेधशाळेत नोकरी करायची तर काय शिकायचं?" ती मुलगी म्हणजे ही. मी काय उत्तर दिले ते मला आठवत नव्हते. तिला शब्दन्‌शब्द आठवत होते. "विज्ञान शाखा घे, मन लावून अभ्यास कर, पुढचं पुढे बघू," असे मी म्हटले होते. परतीची एसटी गाठायची घाई असावी.

तिने विज्ञान शाखा घेतली, अभ्यासही मन लावून केला. अकरावीला मात्र घरच्यांच्या सल्ल्याने गणित सोडून जीवशास्त्र ठेवले. वैद्यकीयचा मार्ग मोकळा राहावा हा हेतू. तो प्रवेश काही मिळाला नाही. मग रसायनशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली, त्यात दोन वर्षे भौतिकशास्त्रही होते. २०२२ मध्ये भारतीय हवामान विभागातील वैज्ञानिक सहायकांच्या ९९० जागांसाठी कर्मचारी निवड आयोगाची जाहिरात निघाली. पदवी, गुण, वय सारे नियमात बसत होते. पण जाहिरातीत एक ओळ होती: उमेदवाराने बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय घेतलेले असावेत. अर्ज भरायचा राहिला.

"माझं आता छान चाललंय मॅडम, तक्रार नाही," ती म्हणाली. "पण माझ्या वर्गातली मुलं तोच प्रश्न मला विचारतात. त्यांना नीट सांगता येईल असं काहीतरी लिहून द्या."

म्हणून हा लेख. बारा वर्षांपूर्वी एका वाक्यात सांगता आले असते ते आधी सांगून टाकते: हवामानशास्त्राची बहुतेक दारे पदवीनंतर उघडतात, पण त्यांतली बरीचशी बंद होतात ती अकरावीचा प्रवेश अर्ज भरताना, गणितापुढची खूण न केल्यामुळे. हे ज्याला माहीत असते त्याला त्याचे काही वाटत नाही, आणि ज्याला माहीत नसते त्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

भूगोलाचा विषय की भौतिकशास्त्राचा?

हवामान हा विषय मुलांना शाळेत भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. वारे, पर्जन्याचे प्रकार, पर्जन्यछायेचा प्रदेश हे सारे तिथेच येते. त्यामुळे हवामानशास्त्र म्हणजे भूगोलाचाच पुढचा भाग असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज कुठे अपुरा पडतो हे वर्गात दाखवायचे असेल तर महाबळेश्वर आणि वाई ही जोडी घ्यावी. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून रस्त्याने ३२-३३ किलोमीटरवर असलेल्या वाईला त्याच्या एक पंचमांशही पडत नाही. भूगोल याचे कारण सांगतो: सह्याद्रीने ढग अडवले, पलीकडे पर्जन्यछाया.

हवामानशास्त्रज्ञाला मात्र पुढचा प्रश्न पडतो: किती? समुद्रावरून आलेली हवा डोंगर चढू लागते, तसा तिच्यावरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पाने संपृक्त नसेल तर दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने. बाष्पाचे पाणी होऊ लागले की सुप्त उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. आता वारा किती वेगाने चढतो आहे, त्यात बाष्प किती, तयार झालेल्या थेंबुकल्यांपैकी किती एकमेकांना मिळून पावसाचे थेंब होतील आणि किती वाऱ्याबरोबर घाटमाथ्यापलीकडे जाऊन पुन्हा विरून जातील? वारा, दाब, तापमान आणि बाष्प यांतले एक बदलले की बाकीची बदलतात आणि ती बदलली की पहिले पुन्हा बदलते. हे परस्परसंबंध न्यूटनचे गतिनियम, ऊर्जेची अक्षय्यता आणि वस्तुमानाची अक्षय्यता यांतूनच येतात. म्हणजे अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्रच. फक्त ते सतत बदलणाऱ्या गोष्टींविषयी मांडायचे असते, म्हणून त्याची भाषा कॅल्क्युलसची असते.

ही समीकरणे कागदावर सुटत नाहीत. पृथ्वीवर कल्पनेने चौकटी आखून प्रत्येक चौकटीसाठी ती संगणकाकडून सोडवून घ्यावी लागतात. मे २०२५ पासून आपल्याकडे वापरात आलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये या चौकटीची बाजू सुमारे ६ किलोमीटर आहे. पूर्वी ती १२ होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ मध्ये बसवलेला 'अर्क' हा महासंगणक त्यासाठी राबतो. १२ किलोमीटरच्या चौकटीत महाबळेश्वरचे पठार आणि खालची जावळीची दरी यांना मिळून उंचीचा एकच आकडा मिळायचा. ६ किलोमीटरने परिस्थिती सुधारली, पण सह्याद्रीचा कडा त्याहूनही आखूड अंतरात कोसळतो, हे त्या घाटातून एकदा एसटीने उतरलेला कोणीही सांगेल.

पदवी नसलेले हवामानशास्त्रज्ञ

गंमत अशी की, या विषयातल्या थोर माणसांपैकी अनेकांजवळ हवामानशास्त्राची पदवी नव्हती. १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. हवामानाचा अनुभव त्यांना जवळजवळ नव्हता. मान्सूनचा अंदाज आधी सांगता येईल का, या प्रश्नासाठी त्यांनी जगभरच्या दाबाच्या, पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्या आकडेमोडीतून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील दाबाचा झोका त्यांच्या हाती लागला. 'सदर्न ऑसिलेशन' हे त्याचे नाव. आज वर्तमानपत्रात एल निनोची बातमी येते, तिचा एक धागा तिथे पोचतो.

अ‍ॅना मणी यांची गोष्ट तर मुलींच्या वर्गात सांगावीच. केरळात जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर काम केले, प्रबंधही लिहिला, पण एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. १९४५ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या भौतिकशास्त्र शिकायलाच. तिथे उपलब्ध होते ते हवामानाच्या उपकरणांचे प्रशिक्षण, म्हणून ते घेतले. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान कार्यालयात रुजू झाल्या. परदेशातून येणारी उपकरणे देशातच तयार व्हावीत आणि त्यांचे मोजमाप विश्वासार्ह असावे यासाठी त्यांनी उभी केलेली व्यवस्था पुढे कितीतरी वर्षे कामी आली. १९७६ मध्ये त्या हवामान विभागाच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या.

पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी हेही मूळचे भौतिकशास्त्राचेच. ही उदाहरणे देण्यामागे हेतू आहे. 'माझ्या गावाजवळ हवामानशास्त्राची पदवी कुठे मिळते?' असे विद्यार्थी विचारतात आणि मिळत नाही म्हटल्यावर विषयच सोडून देतात. पदवी पातळीवर हा विषय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन साध्या महाविद्यालयातून केलेली बी.एस्सी. हीच नेहमीची वाट. त्यानंतर एम.एस्सी.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग, कोचीन येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ अशी ठिकाणे आहेत. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्लीची आयआयटी येथे संशोधनाची मोठी केंद्रे आहेत.

सकाळचे साडेआठ

आता नोकऱ्यांकडे वळू. पहिले नाव अर्थातच भारतीय हवामान विभागाचे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाला २०२५ मध्ये दीडशे वर्षे झाली. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. 'वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी' हा विनोदही बहुधा तेवढाच जुना असावा.

येथे शिरण्याची मुख्य दारे दोन. एक, सुरुवातीला सांगितलेले वैज्ञानिक सहायकाचे. २०२२ च्या जाहिरातीप्रमाणे त्यासाठी भौतिकशास्त्र हा एक विषय असलेली बी.एस्सी., संगणकशास्त्राची पदवी किंवा इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीची पदविका चालत होती. दुसरे दार वैज्ञानिकाचे. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि बहुधा संशोधनाचा अनुभव. दोन्ही ठिकाणी एक बाब लक्षात घ्यावी. निवड झालेल्यांना विभाग स्वतः पुण्यातील आपल्या प्रशिक्षण संस्थेत हवामानशास्त्र शिकवतो. म्हणून तो तुमच्याकडे हवामानशास्त्र मागत नाही. ज्याच्या आधारावर ते शिकवता येईल ते मागतो.

सहायकाचे काम कसे असते? दिवसाच्या पावसाची नोंद देशभर सकाळी साडेआठ वाजता होते. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जे पडले ते एका दिवसाचे. निवडक केंद्रांवरून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फुगा सोडला जातो. त्याला बांधलेले छोटे यंत्र वर जाताना तापमान, आर्द्रता आणि दाब कळवत राहते. त्याच वेळेला जगभरचे फुगे वर जात असतात, म्हणून 'आज पंधरा मिनिटे उशीर झाला' असे चालत नाही. विमानतळावरील कार्यालयात दृश्यता, वारा आणि ढगांची उंची यांचे निवेदन ठरावीक वेळाने रात्रंदिवस द्यावे लागते. धुक्याच्या दिवसांत त्या आकड्यावर विमान उतरायचे की दुसरीकडे वळवायचे ते ठरते. थोडक्यात, पाळीचे काम, रात्रपाळीचेही. आणि बदली देशात कुठेही. साताऱ्याच्या मुलाला मिनिकॉय मिळू शकते. विभागाचे लोक अंटार्क्टिकावरील 'मैत्री' आणि 'भारती' केंद्रांवर हिवाळाही काढतात. ज्यांना घराजवळची नोकरी हवी आहे त्यांना हे आधी सांगितलेले बरे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सहायकांची अशी मोठी भरती २०१७ मध्ये झाली, त्यानंतर २०२२ मध्ये. मधली वर्षे कोरडी गेली. एकाच परीक्षेवर आयुष्याची पाच वर्षे लावून बसणे मला शहाणपणाचे वाटत नाही. तीच समीकरणे आणि तीच निरीक्षणे इतरत्रही लागतात. ती कुठे, हे माहीत असले म्हणजे वाट पाहण्याचा काळ वाया जात नाही.

वाऱ्याचा घन

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या अनेकांनी सहलीत पाहिल्या असतील. त्यांच्यामुळे हवामानशास्त्राच्या पदवीधरांना एक नवे काम मिळाले आहे आणि त्यामागचे गणित दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल असे आहे.

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वारा सेकंदाला ६ मीटरऐवजी ७ मीटरने वाहिला तर वेग फक्त एक षष्ठांशाने वाढला. पण ६ चा घन २१६ आणि ७ चा ३४३. म्हणजे शक्ती जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढली! (पवनचक्कीची कमाल क्षमता गाठेपर्यंतच हे लागू, हे खरे.) पंखा हलेल इतपत वाऱ्याचा अंदाज आपण सगळेच करतो, पण इथे सेकंदाला एका मीटरची चूक ही वीजनिर्मितीत निम्म्याहून मोठी चूक ठरते.

आता विजेचा साठा मोठ्या प्रमाणावर करणे महाग असल्याने ग्रिडमध्ये जेवढी वीज येते तेवढीच त्या क्षणी वापरली जायला हवी. म्हणून दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडून, कोणत्या भागात कोण किती वीज देणार हे आधी कळवायचे असते. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये आणि महाराष्ट्राच्या आयोगाने २०१८ मध्ये पवन आणि सौर प्रकल्पांसाठीही असा अंदाज देण्याचे नियम केले. सांगितलेल्या आकड्यापासून ठरावीक मर्यादेपलीकडे फरक पडला की पैसे भरावे लागतात. साहजिकच, उद्या दुपारी सव्वादोन ते अडीच या वेळात त्या पठारावर वारा किती असेल, किंवा सौर प्रकल्पावर ढग केव्हा येतील, हे सांगणाऱ्या माणसांना मागणी आली. हा अंदाज करणाऱ्या खासगी कंपन्या आहेत, मोठे वीज प्रकल्पही स्वतःची माणसे ठेवतात. या कामात हवामानाचे ज्ञान जेवढे लागते तेवढेच संख्याशास्त्र आणि संगणकावर प्रोग्राम लिहिण्याचा सराव लागतो. माझ्या ओळखीतले काही पीएच.डी. झालेले तरुण तिकडे गेले आहेत. संशोधन सोडले म्हणून त्यांच्या मार्गदर्शकांना वाईट वाटते. मला तितकेसे वाटत नाही. आपला अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याची किंमत रुपयांत कळते, ही शिस्त आम्हा संशोधकांना क्वचितच लाभते.

शेतीचे वेगळे दार

आतापर्यंत गणिताची बाजू इतकी मांडली की जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना आपल्याला यात जागाच नाही असे वाटेल. तसे नाही. कृषी हवामानशास्त्र ही वेगळी शाखा आहे आणि तिचे दार बी.एस्सी. कृषीतून उघडते. या पदवीचा प्रवेश आपल्या राज्यात जीवशास्त्राच्या गटातूनही मिळतो. पुढे एम.एस्सी. कृषीला हा विषय घेता येतो. या शाखेचा आपल्याकडील उगमही पुण्यातच आहे: १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली येथे कृषी हवामान विभाग सुरू झाला. पिकाच्या उंचीवरचे तापमान आणि वेधशाळेच्या पेटीतले तापमान यांत किती अंतर असते, हे त्यांनी तेव्हा मोजून दाखवले होते.

कृषी विद्यापीठांतील केंद्रांतून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, शेतकऱ्यांसाठी सल्ला निघतो. अंदाज पावसाचा, पण शेतकऱ्याला हवे असते ते फवारणी आज करू की परवा, याचे उत्तर. ते सांगण्यासाठी पीक आणि कीड दोन्ही ठाऊक असावी लागतात. ही सेवा जिल्ह्याजिल्ह्यात नेण्यासाठी सुमारे दोनशे जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांत हवामान कक्ष उघडले गेले, तरुण पदव्युत्तरांना त्यात कामे मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये ते सर्व कक्ष आर्थिक वर्षाअखेर बंद करण्याचा आदेश निघाला. चांगले काम करणारी माणसे महिना-दोन महिन्यांच्या सूचनेवर मोकळी होण्याची वेळ आली. प्रकल्पावरच्या नोकरीचा हा धोका संशोधन संस्थांतही आहे. नेट परीक्षा, शिष्यवृत्ती, पाच-सहा वर्षांची पीएच.डी., मग एकामागून एक प्रकल्प, आणि कायम जागा थोड्या. विद्यार्थ्याला प्रोत्साहन देताना ही बाजू लपवू नये. ज्याला प्रश्नच इतका आवडला आहे की तो राहणार नाही, त्याने जरूर यावे.

पीकविमा हेही आता मोठे क्षेत्र झाले आहे. आंबा, काजू, द्राक्ष, डाळिंब अशा फळपिकांना आपल्याकडे हवामानावर आधारित विमा मिळतो. बागेत जाऊन नुकसान पाहिले जात नाही. त्या महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्रावर तापमान किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की भरपाई लागू होते. राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. आता विचार करा: तापमापक सिमेंटच्या गच्चीवर बसवला असेल, किंवा पर्जन्यमापकावर आंब्याची फांदी आली असेल, तर? एका यंत्राच्या चुकीवर शेकडो बागायतदारांचे पैसे अडकतात. केंद्राची जागा तपासणे, शेजारच्या केंद्रांशी आकडे ताडून खोटा आकडा ओळखणे, विम्याची मर्यादा कोणत्या अंशावर ठेवावी हे जुन्या नोंदींवरून ठरवणे, ही सर्व हवामानशास्त्राच्या माणसाची कामे आहेत. यंत्रे दुरुस्त करणे हे इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेल्याचे. तंत्रनिकेतनात जाणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

बाकीची दारे थोडक्यात. हवाई दलात हवामान शाखेचे अधिकारी असतात. तेथेही भौतिकशास्त्र आणि गणिताची अट आहेच. नौदलाची या विषयाची शाळा कोचीला आहे. समुद्राकडे ओढा असेल तर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र, तसेच मच्छीमारांना लाटांचा आणि माशांच्या थव्यांच्या संभाव्य जागांचा अंदाज देणारे हैदराबादचे केंद्र. उपग्रहांच्या निरीक्षणांवर काम करायचे तर अहमदाबाद. दूरदर्शनवर नकाशापुढे उभे राहून बोलणे हे मुलांना सर्वांत आधी सुचते. तशा जागा मोजक्याच.

संगणकच सगळे करणार?

वरच्या वर्गातली मुले हल्ली हमखास विचारतात: कृत्रिम बुद्धिमत्ता आली, मग अंदाज सांगणारी माणसे कशाला? प्रश्न बरोबर आहे. २०२३ मध्ये 'ग्राफकास्ट' नावाच्या पद्धतीने दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत करून दाखवला आणि अनेक बाबतींत तो नेहमीच्या प्रतिमानांहून सरस ठरला. युरोपच्या हवामान केंद्राने फेब्रुवारी २०२५ पासून अशीच एक पद्धत रोजच्या वापरात आणली. पण ही यंत्रे शिकली ती सुमारे चार दशकांच्या नोंदींवरून, आणि त्या नोंदी सलग करून दिल्या भौतिकशास्त्रावर चालणाऱ्या प्रतिमानांनी. जे क्वचित घडते ते त्या नोंदींत थोडेच असते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला त्याच्या दहा टक्केही नाही. असा दिवस यंत्राने किती वेळा पाहिलेला असणार? माझा कयास असा की, हाताने नकाशे काढण्याचे काम जसे गेले तसे रोजच्या अंदाजाचे बरेच काम यंत्राकडे जाईल. तो अंदाज कुठे चुकतो आहे हे ओळखणाऱ्याचे काम वाढेल.

फोन ठेवण्यापूर्वी त्या शिक्षिकेने स्वतःविषयीही विचारले होते. "मला आता काहीच नाही ना?" मी पुन्हा घाईत उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी कळवले. हवेतील धूलिकण, ओझोन, धुराची रसायने हा वातावरणविज्ञानाचाच भाग आहे आणि तिथे रसायनशास्त्राचे पदवीधर लागतात. दिल्लीत २०१० पासून आणि पुढे पुणे, मुंबई, अहमदाबाद येथे चालणाऱ्या 'सफर' या हवेच्या गुणवत्तेच्या अंदाजसेवेमागे असे लोक आहेत. म्हणजे २०१३ मध्ये मी दोन गोष्टी सांगायच्या विसरले होते. तिने शिक्षकी पेशातच राहायचे ठरवले आहे, पण तिच्या बारावीच्या दोन माजी विद्यार्थ्यांना ती माहिती उपयोगी पडली.

तिच्या शाळेत यंदापासून पर्जन्यमापक बसवायचे ठरले आहे. त्याची कृती येथेही देते. सपाट बुडाची, सरळ बाजूंची बाटली किंवा नळकांडे घ्यावे आणि तेवढ्याच तोंडाचे नरसाळे त्यावर उलटे न पडेल असे घट्ट बसवावे. तोंडाचा आणि बुडाचा व्यास सारखा असेल तर साठलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी, तोच पाऊस. व्यास वेगळे असतील तर पाणी मोजपात्रात ओतून घनसेंटिमीटरमधल्या आकारमानाला तोंडाच्या क्षेत्रफळाने भागावे. हा गुणोत्तराचा उत्तम स्वाध्याय होतो. काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर वर असावा. झाड किंवा भिंत काठाहून जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतरावर उपकरण ठेवावे. मुलांना हेही पडताळून पाहू द्यावे की एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. मग शाळेच्या पत्र्यावर काल किती लिटर पडले ते ती स्वतःच काढतील. नोंद रोज सकाळी साडेआठला, पाऊस नसला तरी शून्य लिहून. रविवारी आणि दिवाळीच्या सुटीत नोंद कोण घेणार, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.